०.०२ मिलिमीटरची फट

मोल्डच्या (साच्याच्या) एका कोअरचं, म्हणजे आतल्या उंचवट्याच्या भागाचं, काम होतं. मूळ कॅड फाइल नव्हती, हाती आली ती फक्त एसटीएल, म्हणजे पृष्ठ त्रिकोणांच्या जाळीत (मेशमध्ये) मांडणारी फाइल. आधी फिनिशिंगचा, म्हणजे शेवटच्या गुळगुळीत कापाचा, टूलपाथ (टूलचा मार्ग) काढला: ६ मिमीचं बॉलनोज (गोल टोकाचं टूल), समांतर रेघा. अगदी स्वच्छ आला. मग रफिंगसाठी (जादा धातू काढण्यासाठी) झेड-लेव्हल, म्हणजे एकेका उंचीवरचा थर कापणारा टूलपाथ, काढून सिम्युलेशन लावलं. वरचे थर नीट उतरले. बाजूचा बॉस (बाहेर आलेला उंचवटा) सुरू होतो त्या उंचीवर मात्र टूल कोअरला वळसा घालायचं सोडून सरळ त्याच्या अंगातून आरपार गेलं.

"फाइल चांगली आहे, नाहीतर फिनिशिंग कसं आलं असतं? सॉफ्टवेअरचाच घोळ," शेजारचा सहकारी म्हणाला. मला ते पटेना. दोन्ही टूलपाथ मेशकडे अगदी वेगळ्या नजरेनं बघतात.

एसटीएलमध्ये त्रिकोण सुटे असतात. बायनरी फाइलमध्ये प्रत्येकाला ५० बाइट: एक नॉर्मल (पृष्ठाची बाहेरची दिशा), तीन कोपरे आणि वर दोन बाइट. शेजारी कोण, हे कुठंच लिहिलेलं नसतं. कोपऱ्यांचे आकडे जुळले तरच शेजार कळतो. मी फक्त एकाच त्रिकोणाच्या वाट्याला आलेल्या कडा रंगवून घेतल्या, आणि बॉस जिथं कोअरला चिकटतो तिथं सलग लाल रेघ उमटली. मोजली तर ०.०२ मिमीची फट.

फिनिशिंगमध्ये टूल वरून खाली सोडतात आणि पृष्ठाला टेकेल तिथं थांबवतात. ३ मिमी त्रिज्येचा गोळा एवढ्याशा फटीवर दोन्ही कडांना टेकून बसतो. आत जातो तो मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. त्याला फट कळणारच नाही. झेड-लेव्हल मात्र मेशचा आडवा छेद घेतं आणि प्रत्येक त्रिकोणातून निघालेला तुकडा पुढच्याला जोडत जातं. फटीशी साखळी तुटली. आमच्या सॉफ्टवेअरनं उघड्या साखळ्या टाकून दिल्या, म्हणजे त्या पातळीवर वाचवायचं काही उरलंच नाही.

सगळ्या मेशला ०.०३ मिमीचं वेल्डिंग (तेवढ्या अंतरातले कोपरे आणि कडा आपोआप एकत्र करणं) दिलं तर फट मिटली, पण कोअरच्या माथ्यावरच्या उठावाच्या अक्षरांचे बारीक फिलेट (गोलसर कडा) बसले. तिथले कोपरे त्याहूनही जवळ होते, ते एकमेकांत मिसळून गेले. अक्षरं जाऊ देणं मला मान्यच नव्हतं. म्हणून फक्त लाल कडा निवडल्या. दोन्ही बाजूंचे कोपरे समोरासमोरही नव्हते. कोअरच्या बाजूची एक लांब कड, तर समोर बॉसच्या तीन-चार आखूड. लांब कडांवर बिंदू घालून त्या तोडल्या, मग जोडल्या. हे काम हातानंच करावं लागलं आणि वेळखाऊ होतं, पण यात घाई करणं मला कधीच परवडणारं वाटत नाही.

पुन्हा छेद घेतले. सगळ्या साखळ्या बंद. सिम्युलेशनमध्ये टूल बॉसला वळसा घालून गेलं. प्रोग्रॅम मशिनवर पाठवला, आणि दुरुस्त फाइल ग्राहकाला कळवून परत दिली: यापुढं हीच वापरा.