एका बटाट्याचे अकरा कोंब

दिवाळीचे आठ दिवस फराळावरच गेले, ट्रॉलीच्या खालच्या जाळीतले बटाटे विसरलेच मी. भाऊबीजेनंतर बघते तर एकाला हे एवढाले कोंब, जाडजूड, जांभळट, आणि बुडाशी बारीक पांढरे टिपके, म्हणजे मुळ्या फुटायच्या तयारीत. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून आणलेल्या पाच किलोतला साधाच बटाटा होता. एरवी सरळ कचऱ्यात गेला असता.

आमच्या सासूबाई मंचरकडच्या, म्हणजे बटाटा त्यांच्या घरचाच. म्हणाल्या, "अगं बेणं आहे ते, दोन-दोन डोळे ठेवून काप, राखेत घोळव आणि लाव." मी म्हटलं आई, एक ग्रो बॅग तुम्ही तुमच्या पद्धतीने लावा, मला काहीतरी उद्योग करून बघायचाय.

उद्योग असा, की बटाटा लावायचाच नाही, नुसते कोंब लावायचे. टिपक्यांसकट बुडातून अलगद मोडले, चार निघाले, ओल्या कोकोपीटमध्ये शेंडा वर ठेवून खोचले. आठवड्यात मुळ्या! आणि बटाटा परत खिडकीत ठेवला. खरी गंमत पुढेच आहे. बटाटा म्हणजे मूळ नाही, जमिनीखाली फुगलेलं खोड, त्यामुळे शेंड्याकडचा डोळा जोरात असला की बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो काढला की मागचे जागे होतात. दुसऱ्या खेपेला पाच कोंब, तिसऱ्याला दोन, ते अगदीच दोऱ्यासारखे. एकूण अकरा. तोवर बटाटा असा सुरकुतला की सासूबाई म्हणाल्या, "सोड त्याला आता, किती बाळंतपणं करशील!" (असा बटाटा भाजीत घालू नका हं, कोंबात आणि हिरव्या सालीत सोलानिन असतं, विषारी.)

सालींचा प्रयोग पार फसला. डोळ्यासकट जाड साली काढून लावल्या होत्या, बुरशी आली, चिलटं झाली, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, विषय संपला.

मग बी लावून बघावं म्हटलं, म्हणजे फळातलं खरं बी. हेक्टरी दोन-अडीच टन बेणं लागतं तिथे हे शे-दीडशे ग्रॅम पुरतं म्हणे! पण आपल्याकडे हिवाळ्यात दिवस लहान, बटाटा फुलावर येतच नाही धड, फळ कुठून येणार. सिमल्याची बटाटा संशोधन संस्था संकर करायला वर डोंगरात कुफरीला जाते ती याच्यासाठीच, आणि कुफरी ज्योती, कुफरी पुखराज या नावांतलं कुफरी ते हेच. नेरूळच्या ग्रिलमध्ये ते होणे नाही.

पण एक गोष्ट मात्र बघून मी वेडीच झाले. जानेवारीत झाडं दोनेक महिन्यांची झाल्यावर एक पान कापलं, देठाच्या बगलेतल्या कळीसकट आणि खोडाचा छोटा तुकडा ठेवून, आणि कळी झाकेल असं ओल्या वाळूत खोचलं. अशी पाच. दोन कुजली, एकाचं काहीच झालं नाही, पण तीन आठवड्यांनी चौथं उपटलं तर कळीच्या जागी वाटाण्याएवढा बटाटा! पातळ साल, एक बारीकसा डोळा, वर पान तसंच. थंडी आणि लांब रात्रींमुळे झाडाला बटाटे धरायचा इशारा मिळालेला असतो ना, मग कळीची फांदी व्हायच्या ऐवजी बटाटाच होतो. पाचव्यालाही लागला, पण मिरीएवढा.

फेब्रुवारीअखेर काढणी. अकरापैकी आठ कोंब जगले होते, त्यांचे मिळून झाले सव्वा किलो. आणि सासूबाईंची एक बॅग, एकच बटाटा दोन तुकडे करून लावलेला, तिचे आठशे ग्रॅम!! बोलल्या काही नाहीत, फक्त वजनकाटा माझ्याकडे सरकवला. बरोबरच आहे म्हणा, नुसत्या कोंबाला सुरुवातीला खायला शिदोरीच नसते. शिवाय रात्री थंडी हवी, विसाच्या खाली, आणि आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले पंधरा दिवस.

ते पानावरचे दोन बटाटे मी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले होते. परवा वाटाण्याएवढ्याला कोंब दिसला, आणि महिना जून. आता ऑक्टोबरपर्यंत याला थोपवायचा कसा? सध्या डबी फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवलीये, वर चिठ्ठी लावून, "खायचं नाही, बेणं आहे".