नखाएवढे नाणे

जुन्या पाकिटावरचा मजकूर नव्या नोंदवहीत तसाच उतरवण्याचा मोह नाण्यांची सूची करताना नेहमीच होतो, आणि त्या दिवशी मीही तेच करणार होतो. एका संग्राहकाच्या पाकिटावर 'रोमन, उत्तरकालीन, तांबे' असे लिहिले होते. नाणे नखाएवढे आणि काळवंडलेले होते. परंतु भिंगाखाली धरताच राजाच्या डोक्यामागे पिवळसर रेघ चमकली. ते नाणे उजेडाकडे तिरपे केले, तेव्हा तो तांब्यावर जडवलेल्या सोन्याच्या पातळ पत्र्याचा उरलेला तुकडा आहे, हे कळले. अशी नाणी अक्सुमच्या राजांनी पाडली. मग कडेची झिजलेली ग्रीक अक्षरेही लागली : 'हे देशाला आवडो.'

आजच्या इथिओपिया आणि एरिट्रियाच्या भूमीवरील या राज्यात तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात एन्दुबिस राजाने स्वतःच्या नावाची नाणी पाडली. चौथ्या शतकात एझानाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाण्यावरच्या चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. सोन्याच्या नाण्यांवर मात्र ग्रीक लिपीच राहिली, कारण ती अडुलिस बंदरातून परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती जात असत. असे राज्य पाकिटावर रोमच्या नावाखाली दडपले गेले होते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "मग 'प्राचीन आफ्रिकी राज्य' असे लिहा." मला तेही पटेना. पश्चिमेकडच्या घाना राज्यात सोने मुबलक होते. अरब भूगोलकार अल-बक्री 1068 च्या सुमारास लिहितो की सोन्याचे गोळे राजाचे, भुकटी मात्र प्रजेची, आणि राज्यात येणाऱ्या गाढवभर मिठावर एक दिनार, बाहेर जाणाऱ्यावर दोन दिनार जकात होती. नायजर नदीकाठच्या जेने-जेनो येथे तटबंदीचे मोठे शहर वसले, पण तिथे राजवाड्याचा मागमूस लागलेला नाही. दक्षिणेकडे ग्रेट झिम्बाब्वेत चुन्याविना रचलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या राहिल्या. त्या राज्याने नाणी पाडली नाहीत, तरी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किलवा या बंदराच्या सुलतानाचे एक नाणे तिथे सापडले. एवढ्या निरनिराळ्या राज्यपद्धती एकाच शब्दात कोंबणे म्हणजे पहिल्या चुकीच्या जागी दुसरी चूक लिहिणे होते.

मॅडमनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि मान डोलावली. नव्या पाकिटावर मी लिहिले : 'अक्सुम, तांबे, सुवर्णजडित, ग्रीक लेख.' जुने पाकीट फेकले नाही. नोंदीमागेच लावून ठेवले.