औषध नाही, तर बिल कशाचं?

त्र्यंबक रस्त्यापासून आत, शेताला लागून असलेला बंगला. मालक ठाण्याचे. मे महिना आणि दिवाळी इथं काढतात, भाऊबीज झाली की कुलूप, ते होळीपर्यंत. काकांनी फोनवरच सांगितलं होतं, "जालीम औषध टाकून जा, परत बघायला नको."

आमच्या पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात हाच सीझन. इकडे भाताची कापणी झाली की बांधातले उंदीर उघड्यावर पडतात, वर नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो. बंद घर त्यांना आयतंच.

आधी फ्रिजची मागची प्लेट खोलली. कॉम्प्रेसरजवळ गादीचा कापूस, वर्तमानपत्राचे तुकडे आणि त्यात एक जांभळा जरीचा काठ. काकू बघतच राहिल्या. ती साडी त्या वर्षभर इस्त्रीवाल्याच्या नावावर मांडून बसल्या होत्या. लेंड्या मी झाडू दिल्या नाहीत. कोरड्या झाडल्या की धूळ नाकात जाते. ब्लीचचं पाणी मारून, भिजू देऊन मग पुसायच्या.

अंधार पडल्यावर मेन स्विच बंद केला. मी आत, पोऱ्या बाहेरून भिंतीलगत बॅटरी मारत फिरतोय. एसीच्या पाइपाभोवती उजेड. गॅसच्या नळीच्या भोकात उजेड. मागच्या दाराखाली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. काका चकित, "एवढ्याशातून?" पेन्सिल शिरते त्या भोकातून लहान उंदीर शिरतो, सहा-सात मिलिमीटर पुरतात. डोकं गेलं की अंग जातं.

एसीवाल्यानं तिथं फोम भरला होता. फोम म्हणजे उंदराला पापड. आम्ही स्टीलची घासणी ठासून भरली, वरून सिमेंट. दाराला खालून अॅल्युमिनियमची पट्टी, नहाणीच्या मोरीला बारीक जाळी. तांदूळ, रवा, अगदी साबणाच्या वड्यासुद्धा पत्र्याच्या डब्यात. गाद्या भिंतीपासून लांब, खाटेवर.

"आणि औषध?" काकांचं पालुपद चालूच. उंदीर औषध खाऊन पाण्यासाठी बाहेर जाऊन मरतो, अशी लोकांची ठाम समजूत आहे. तसं काही नसतं. ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषानं आतल्या आत रक्तस्राव होऊन तो चार-पाच दिवसांनी मरतो, आणि मरतो तो कपाटामागे किंवा छताच्या पोकळीत. घर बंद, काढणार कोण? शिवाय मेलेला उंदीर घुबडानं किंवा राखणदाराच्या मांजरानं खाल्ला तर विष त्यांच्या पोटात. मी चार सापळे लावले आणि राखणदार तात्यांना रोज सकाळी बघायला सांगितलं. चिचुंद्री सापडली तर सोडून द्या म्हटलं. ती किडे खाते.

काकांनी बिल हातात घेऊन दोनदा वाचलं. "यात औषध कुठंय? मग पैसे कशाचे?" बरीच घासाघीस झाली. शेवटी दिले, पण गवंड्याच्या रोजानं.