गाडीखालचं पाणी

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार. पोळ्याचा आदला दिवस.

आज शाळेत किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ लिहिलं, आणि ते अगदीच खोटं नाही. सकाळी आठला गाडीची समोरची डावी सीट चार बोल्ट खोलून अंगणात आणून ठेवली. मी इथेच बसून अभ्यास करतो, असं म्हणून मुलगा तिच्यावर बसला. अभ्यास काही केला नाही.

आठवड्यापासून वास येत होता. दार उघडलं की ओलं पोतं कोठ्यात विसरल्यावर येतो तसा बुरसट वास. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, “उंदीर मेला असन.” ह्यांचं मत, पावसात मीच काच उघडी ठेवली असेल. मी मात्र तालुक्याच्या वॉशिंग सेंटरवरच्या पोराला मनातल्या मनात शिव्या देत होते. पंधरा दिवसांपूर्वी त्याने आतून धुण्याचे वेगळे पैसे घेतले होते आणि फवाऱ्याची नळी सरळ दारातून आत धरली होती. तेव्हाच ठरवलं होतं, यापुढे आतली सफाई आपली आपण करायची.

गाडी २०१५ ची पांढरी अल्टो ८००. गेल्या दिवाळीत पतसंस्थेचं कर्ज काढून १,८५,००० रुपयांना घेतली, सेकंडहँड. याआधी घरचं म्हणून जे वाहन होतं ते दोन चाकांचंच, पहिले बंडी आणि मग ह्यांची मोटरसायकल. शाळा बावीस किलोमीटर. एसटी हुकली की काळीपिवळीत चौदावी सवारी म्हणून बसायचं, मांडीवर दुसऱ्याची पिशवी. फॉर्म २९, फॉर्म ३०, जुन्या मालकाचं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, या सगळ्या कागदांतून आरसीवर माझं नाव आलं त्या दिवशी मी ती आरसी उशाशी घेऊन झोपले होते. (विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. मला हे तेराव्या दिवशी कळलं.)

तर सीट निघाली. आमच्या गाडीला एअरबॅग नाही. ज्यांच्या सीटखाली पिवळ्या प्लगची वायर असेल त्यांनी ती ओढाताण करू नये, मेकॅनिकला बोलवावं. सीटच्या रुळांमध्ये काय नव्हतं! सरकीचे दाणे, कापसाचे पुंजके, तुरीच्या शेंगेची टरफलं, खडूचे तुकडे, एक दोन रुपयांचं नाणं. सीट पुढे सरकत नाही म्हणून मी चार महिने अंग चोरून बसवत होते लोकांना, आणि अडवणूक केली होती सरकीने. हिवाळ्यात वेचणीच्या बाया रस्त्याने दिसल्या की मी गाडी थांबवायचे. गाठोडी मांडीवर घेऊन त्या मागे चौघी-पाचजणी बसायच्या. औषधाचा डबा मात्र कोणाचाही असो, दिक्कीत घेत नाही. फवारणीने २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात किती माणसं दगावली ते विसरलेलं नाही कोणी.

चिखल हा मोठा विषय. आमची जमीन काळी, बेसॉल्ट झिजून झालेली. पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते आणि तरीही ओला चिखल ब्रशने घासायला बसले. जितकं घासलं तितका तो कार्पेटात मुरला. ही माती वाळू द्यायची, मग उलटं धरून बदडायचं, मग फड्याने झाडायचं. उरली तर साबण.

मागच्या सीटवर नणंदेच्या मुलीच्या लग्नातला हळदीचा डाग होता. त्यावर खायचा सोडा कालवून चोपडला आणि डाग रक्तासारखा लाल झाला. धस्स झालं. मग आठवलं की अल्कली लागली की हळद लाल होते. सातवीच्या पोरांना हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून दाखवते मी दरसाल. लिंबू पिळल्यावर डाग परत पिवळा झाला, पण गेला नाही. हळदीवर खरा उपाय ऊन, आणि श्रावणातलं ऊन आपल्या मर्जीचं नसतं.

वासाचं मूळ मात्र सापडेना. डाव्या बाजूचं कार्पेट वरून कोरडं होतं. उचललं तर खालचा जाड नमदा पिळण्याइतका ओला. पंधरा दिवसांपूर्वीचं पाणी अजून? मी डोकं धरून बसले. मामाजी कोठ्याच्या दाराशी पळसाची पानं निवडत होते. गाडी उभी असते ती जागा बैलांची. दोन वर्षांपूर्वी जोडी विकली. त्यांचे गुडघे गेले आणि वाहीपेरी भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायला लागली.

“दोन-चार हप्ते झाले,” ते पानांवरची नजर न काढता म्हणाले, “हे मुतूनच नाई राह्यली.”

“कोण?”

“गाडी. उन्हाळ्यात तू शाळेतून आली का हिच्याखाली डबकं साचे. आता कोरडंच रायते. बैल असा कोंडला त फुगते.”

एसी चालू असला की आतल्या थंड जाळीवर हवेतली वाफ साचून तिचं पाणी होतं. ते एका रबरी नळीने गाडीखाली पडतं. नळी बंद झाली की तेच पाणी डाव्या माणसाच्या पायाशी उतरतं. एवढं माहीत होतं मला. पण पाणी पडत नाही, हे बघायला गाडीखाली वाकायला हवं. मी रोज उतरून सरळ घरात जाते.

पोत्यावर पाठ टेकून खाली शिरले. तारेने रबर फाटेल म्हणून मामाजींनी खराट्याची काडी दिली. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. ते फुटलं आणि काळं, घाण पाणी थेट माझ्या बाहीत आलं. वॉशिंगवाल्या पोराची मी मनातल्या मनात माफी मागितली, अर्धीच. नळी आत धरायला नकोच होती त्याने.

दुपारी मामाजी शेजारच्या बैलांची खांदशेकणी करायला गेले. हळद आणि तूप आपल्या घरचं नेलं. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ हे त्यांचं भरड आवाजातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

संध्याकाळी सीट बसवली. एक बोल्ट उरला, तो कुठला ते शोधायला ती परत काढली. नमदा अजून चुलीजवळच्या दोरीवर आहे, त्यामुळे पायाखाली सध्या नुसता पत्रा. एसी पंधरा मिनिटं चालू ठेवला. मामाजी परत आले ते घरात न जाता आधी कोठ्यात गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बॅटरी मारून बघितली.

“मुतली,” म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.