गोड काढा

तातडीच्या विभागातून बाईंना वर पाठवलं तेव्हा चिठ्ठीवर ‘पक्षाघात’ लिहिलं होतं. वय साठीच्या पुढे, राहणार चीनमधल्या शिच्याचुआंग शहराजवळच्या एका खेड्यातल्या. सकाळी खाटेवरून उठायला गेल्या तर पाय उचलेनात, आणि दुपारपर्यंत हातही खांद्यापासून जड झाले. दोन्ही बाजू सारख्याच गेलेल्या, बोलणं स्वच्छ, चेहरा सरळ, तरी म्हणे पक्षाघात! ‘हातपाय गेले’ हे ऐकलं की पुढची तपासणी थांबते. हे मी चीनमध्ये पाहिलं आणि आता महाराष्ट्रातही रोज पाहतो.

मी तेव्हा तिथल्या एका शिकवणी रुग्णालयात मज्जाविकार विभागात इंटर्न होतो. आमच्या रजिस्ट्रारनी पक्षाघात खोडला आणि गियाँ-बारे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार, असं लिहिलं. त्यालाही कारण होतं. हपै प्रांतात दर उन्हाळ्यात खेड्यांतली मुलं लुळी पडत, आणि त्यांचा अभ्यास याच शहरात चिनी आणि अमेरिकी डॉक्टरांनी मिळून केला. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी त्याचा संबंध जोडला गेला, १९९१ साली तो आजार जगासमोर मांडला गेला. त्या गावच्या डॉक्टरांना लुळेपणा म्हटलं की तेच आठवणार. पाठीतून पाणी काढायची तयारी सुरू झाली, त्यावरच्या महागड्या इम्युनोग्लोब्युलिन औषधाची चौकशीही झाली.

मला मात्र तपासणी पटत नव्हती. बाई पायाची बोटं हलवत होत्या, घोटा वर ओढत होत्या, पण मांडी गादीवरून सुटत नव्हती. मनगट चांगलं, खांदा ढिला. उशीवरून मान उचलवत नव्हती. टाचणीचा स्पर्श सगळीकडे नीट कळत होता. गुडघ्यावरची हातोडी हलकासा प्रतिसाद देत होती. बळ धडाजवळ जास्त गेलेलं आणि संवेदना शाबूत, म्हणजे नसांच्या आधी स्नायूंकडे बघायला हवं. शिवाय रक्तदाब १८०च्या वर. एवढं नीट तपासायला वेळ लागतो, आणि हातोडी व टाचणीवरचा माझा विश्वास त्या संध्याकाळी वाढला, हे मी अभिमानाने सांगतो.

ईसीजीत टी लाट चपटी झालेली आणि तिच्यामागे ठळक यू लाट, म्हणजे पोटॅशियम घसरल्याची खूण. तेवढ्यात प्रयोगशाळेचा फोन आला: पोटॅशियम १.७. साडेतीनच्या खाली आलं की आपण सावध होतो. इथे हृदय कधीही बिघडू शकलं असतं.

पुढचं काम परिचारिकांचं, आणि ते त्यांनी चोख केलं. लघवी होते आहे याची खात्री केल्याशिवाय त्या पोटॅशियम लावत नाहीत. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत १० टक्क्यांचं १५ मिलिलिटर, त्याहून थेंबभरही जास्त नाही, नाहीतर शीर जळते. आणि सलाइनच, ग्लुकोज नाही, कारण ग्लुकोजने इन्सुलिन सुटतं आणि उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींमध्ये शिरतं. तोंडावाटे तेच कडू द्रावण संत्र्याच्या रसात. रात्रभर मॉनिटर. पहाटे बाईंनी गुडघा वाकवला.

पोटॅशियम गेलं कुठे, हा प्रश्न मात्र तसाच होता. रक्तदाबासाठी त्या लघवीची गोळी घेत, त्याने ते उतरतं, पण इतकं? ‘आणखी काही औषध?’ असं तिघांनी विचारलं, तिघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळालं. फ्रीजमध्ये मुलीने आणून ठेवलेल्या तपकिरी काढ्याच्या प्लास्टिक पिशव्या होत्या. तिकडे दवाखान्यातच यंत्रावर काढा उकळून सीलबंद करून देतात. पिशवीवर नाव असतं, आत काय आहे ते नसतं. आणि काढा म्हणजे औषध, असं त्या घरात कोणी मानतच नव्हतं.

सल्ल्यासाठी चिनी वैद्यक विभागातून एक वयस्क डॉक्टर आल्या. सगळे त्यांना लाओशी, म्हणजे शिक्षिका, म्हणत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मग विचारलं, ‘पोटात काय काय जातं, सकाळपासून रात्रीपर्यंत सांगा.’ सूवन या प्राचीन ग्रंथाच्या ४४व्या अध्यायात लुळेपणाचं विवेचन आहे, आणि उपचारात यांगमिंग, म्हणजे जठराशी आणि मोठ्या आतड्याशी जोडलेला मार्ग, धरायला सांगितलं आहे. त्या शिस्तीत वाढलेली व्यक्ती अन्नापासून सुरुवात करणारच. तेव्हा काढ्याच्या पिशवीचा उल्लेख आला. त्यांनी कात्रीने कोपरा कापला, थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘फार गोड. मूळ चिठ्ठी आणा.’

चिठ्ठीत दोनच वनस्पती होत्या: बाईशाओ, म्हणजे पिओनीचं मूळ, ३० ग्रॅम, आणि गानत्साओ, म्हणजे आपलं जेष्ठमध, तेही ३० ग्रॅम. पोटऱ्यांतल्या गोळ्यांवरचा हा फार जुना काढा. चिनी औषधकोशात जेष्ठमधाची रोजची मात्रा २ ते १० ग्रॅम आहे. चिठ्ठी सात दिवसांची होती. बरं वाटतंय म्हणून बाई तीच दाखवून दोन महिने पिशव्या आणत होत्या आणि दवाखानाही देत होता.

मग साखळी उलगडली. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं, म्हणून पोटऱ्यांत गोळे. गोळ्यांसाठी काढा. जेष्ठमधातलं द्रव्य मूत्रपिंडातलं कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारं एन्झाइम बंद पाडतं. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम करू लागतं: मीठ अडतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. रक्तदाब चढला म्हणून गावच्या डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. मीठ अडवणारी शरीराची स्वतःची द्रव्यं, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन, दोन्ही तळाला निघाली तेव्हा शंका उरली नाही. काढा आणि गोळी बंद केली, पोटॅशियम राखणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं.

पोटॅशियम तीनच्या वर गेल्यावर लाओशींनी गुडघ्याखालच्या त्सुसानली बिंदूत आणि हातावरच्या हगू बिंदूत सुया लावल्या. बाई तोवर आधाराने उभ्या राहत होत्या. त्या सगळ्यांना सांगत, ‘सुयांनी पाय दिले.’ पाय पोटॅशियमने दिले, हे माझं ठाम मत आहे, आणि लाओशींनीही मला तेच सांगितलं. सुया उरलेल्या थकव्यासाठी होत्या, असं त्या म्हणाल्या. त्याचा किती उपयोग झाला हे मला आजही ठरवता येत नाही.

मुलीला मी भारतीय असल्याचं कळलं तेव्हा तिने लगेच क तिहुआंचं नाव घेतलं. क तिहुआ म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस; ते १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये याच प्रांतात वारले, आणि त्यांची समाधी शिच्याचुआंगमध्ये आहे. त्या नावामुळे ती माझ्याशी मोकळी झाली. बाकीच्यांना न सांगितलेलं तिने मला सांगितलं, दोन महिन्यांचा हिशोबही तिच्याकडूनच कळला.

रजेच्या कार्डावर निदान आलं: ‘लघवीच्या गोळीमुळे पोटॅशियमची कमतरता’. जेष्ठमधाचा उल्लेख नाही. लाओशींनी आपल्या सल्ल्याच्या पानावर मात्रा आणि मुदत दोन्ही स्पष्ट लिहिली होती, पण ते पान फाइलीत राहतं, रुग्णासोबत जात नाही. मी रजिस्ट्रारना विचारलं. ‘दुसऱ्या विभागाचा विषय आहे,’ ते म्हणाले. एकाच इमारतीत दोन वैद्यकं, दोन्ही शासनमान्य, आणि रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर त्यांची भेटच होत नाही. याचा मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो.

निघताना मुलीने विचारलं, ‘घरी पिशव्या उरल्यात. वडिलांच्याही पायात गोळे येतात, त्यांना चालतील ना?’ वडीलही रक्तदाबाची तीच गोळी घेत होते. मी कार्ड परत घेतलं, पाठीमागे मोठ्या अक्षरांत गानत्साओचं नाव आणि त्याखाली ‘दोघांनीही घेऊ नये’ असं लिहिलं, आणि वडिलांच्या रक्ततपासणीची चिठ्ठी लाओशींकडून लिहून घेतली.