आमची वाटचाल : झटक्याचं कारण आधी, पाना नंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला गाड्यांच्या गॅरेजसाठी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, तेव्हा भांडवल म्हणजे पान्यांचा सेट, फिलर गेज, टायमिंग लाइट आणि उस्तादांनी लावलेली एक सवय. गिऱ्हाईक आलं की लगेच बॉनेट उघडायचं नाही. आधी त्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारायची, आणि चालवायची त्यानेच. चालताना गाडीला झटका नेमका कुठे येतो हे मालकाच्या पायाला माहीत असतं, पण त्याला ते सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, "झटके मारालीय बघा."

सुरुवातीला काम बहुतेक मारुती ८०० आणि ओम्नीचं. दोन्हींचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. तिनातलं एक मिसिंग करायला, म्हणजे मध्येच पेट घ्यायचं चुकवायला लागलं की गाडी लगेच लंगडते. डेल्कोची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप आतून तडकलेली, त्यातल्या फिरत्या रोटरला काळं धरलेलं, नाहीतर प्लगची वायर कुठेतरी अर्थ मारतेय (करंट बॉडीत सोडतेय), असले प्रकार. वायर ओळखायची म्हणजे शेडचा दिवा बंद करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि अंधारात ठिणगी कुठे दिसते ते बघायचं. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरून मग सुटत असेल, तर संशय कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याच्या, ॲक्सिलरेटर पंपावर. त्याचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) वाळला की ऐनवेळी पेट्रोलची पिचकारी पडत नाही.

उन्हाळ्याचं प्रकरण वेगळं. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, आणि सात रस्त्याच्या गर्दीत उभ्या असलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते. पंपावर ओलं फडकं टाकून घरी पोचलेली माणसं सोलापुरात कमी नाहीत. अशा गाडीचं कार्बोरेटर खोलून काही उपयोग नसतो, तरी खोललं जायचंच.

२००० च्या आसपास ८०० मध्येही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन (कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं आणि कान-नाकावर चालणारे बरेच मिस्त्री बिथरले. मीही मल्टीमीटर नीट वापरायला तेव्हाच शिकलो. पुढे २०१० साली बीएस-४ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला तेव्हा पहिल्या १३ शहरांत दिल्ली, मुंबई, पुण्याच्या यादीत आपलं सोलापूरही होतं. लोकांना याचं नवल वाटतं. आम्हाला मात्र गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेणं भाग पडलं. कर्ज काढून घेतला. घरच्यांचं म्हणणं होतं, त्यापेक्षा वॉशिंगचा रॅम्प घाल. हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं, धुण्याचा पैसा रोजचा असतो.

स्कॅनर आल्यावर वेगळाच रोग आला. कोड दिसला की तो सेन्सर बदलायचा. "मिश्रण पातळ" (पेट्रोल कमी, हवा जास्त) असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर काढून फेकायचा. प्रत्यक्षात तो सेन्सर खरंच सांगत असतो. मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाची) रबरी नळी उन्हाने तडकून फुकटची हवा ओढत असते. साबणाचं पाणी किंवा कार्ब क्लीनर मारून बघितलं तरी पत्ता लागतो. क्लीनर मारायचा तर इंजिन थंड असताना आणि बेताने, एवढंच.

एका निवृत्त सरांची जुनी गाडी आठवते. दुसरीकडे प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंप बदलून झाला होता, झटका तसाच. मी शेजारी बसलो. ताशी ४० च्या आसपास पाय स्थिर ठेवला की हिसका, त्याच्या वर-खाली सगळं ठीक. पाय किती दाबलाय हे सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरला मीटर लावून थ्रॉटल हळूहळू उघडला. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपासून चार व्होल्टच्या वर सरळ चढायला हवं, ते एका ठिकाणी पडून परत वर यायचं. शहरात वर्षानुवर्षं पाय त्याच जागी राहिला की आतली पट्टी नेमकी तिथे झिजते. सर म्हणाले, "म्हणजे मी हळू चालवतो त्याची शिक्षा!" सेन्सरचा खर्च बदललेल्या पंपापेक्षा कितीतरी कमी होता.

उलट, गावात बरी चालणारी आणि तुळजापूरच्या घाटात दम सोडणारी गाडी आली तर आम्ही आधी पेट्रोलचं प्रेशर बघतो. गेजची नळी लांब घेऊन गेज काचेवर वायपरखाली अडकवायचा आणि चौथ्या गिअरमध्ये लोड द्यायचा. पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत साधारण ३ बार टिकायला हवं. लोडवर काटा खाली आला तर फिल्टर चोंदलाय नाहीतर पंप दमलाय. पाय सोडताना-दाबताना दणका बसत असेल, तर इंजिन माउंटिंग (इंजिनाच्या रबरी बैठका) आणि चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट बघायचे. तिथे स्कॅनर लावून काही हाती लागत नाही.

याच काळात तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो. "नुसतं बघायचे कसले पैसे वो?" हे पुष्कळ ऐकलं. टुरिस्टवाले बरेच गेले, काही परत आले. पुढच्या बिलातून ती रक्कम वजा करा असं अजून सुचवतात. मी करत नाही. वजा करायचं ठरवलं की बिल काढण्यासाठी हात काम शोधायला लागतो. माझा पहिला हेल्पर, यंत्रमाग कामगाराचा मुलगा, आज तपासणीचं सगळं काम बघतो. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटकडच्यांशी कन्नड. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे की काय, मिसिंग त्याला माझ्याआधी ऐकू येतं.

हल्ली प्रत्येक झटक्याचं खापर इथेनॉलवर फुटतं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील त्यासाठी केलेल्या नाहीत हे खरं. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणीही धरतं. ऊसवाली मंडळी मात्र इथेनॉलला नाव ठेवू देत नाहीत! आमचा क्रम साधा आहे: आधी फिल्टर आणि नळ्या, मग वाद.

गाडी दाखवायची तर संध्याकाळी आणून ठेवा, सकाळी थंड इंजिनवर आम्ही सुरू करू. टाकी निम्मी तरी असू द्या. झटका थंडपणी येतो की तापल्यावर, कोणत्या गिअरला, एसी चालू असताना की बंद, हे कागदावर लिहून आणा. सीएनजी असेल तर पेट्रोलवर चालवून बघा आणि फरक सांगा. नुकतेच काही पार्ट बदलले असतील, तर काढलेले जुने पार्टही डिकीत टाकून आणा.