फुटलं तर कळणार कसं?

गुगल करून येणारे पेशंट आता रोजचेच झालेत, त्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी ब्रेस्ट इम्प्लांट, म्हणजे छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्या, त्यांचं विचारायला आलेल्या ताईने पिशवीतून नायलॉनचे दोन मोजे काढले, दोन्हीत तांदूळ भरून गाठ मारलेली, टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सिस्टर, हे चारशे सीसी. आठ दिवस ब्रामध्ये घालून पोळ्या लाटल्यात, मला जमतंय." मी बडोद्यातच जन्मले, इथंच नर्सिंग केलं, प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत किती वर्षं गेली ते मोजत नाही, पण मोजे घेऊन आलेलं कोणी बघितलं नव्हतं.

नाव लिहीत नाही, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ट्रान्स वूमन, पस्तिशीच्या आसपास, दांडिया बाजारच्या मागच्या बाजूला टिफिन सर्व्हिस आहे तिची, रोज दीडशे-दोनशे पोळ्या आणि त्या सगळ्या स्वतः लाटते. सोबत तिची आत्या, सत्तरीच्या पुढची, हातात पाण्याची बाटली नि चष्म्याची केस. घरातलं दुसरं कोणी येत नाही, त्याबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. कागद मात्र एकदम व्यवस्थित, कलेक्टर ऑफिसचं ट्रान्सजेंडर ओळखीचं सर्टिफिकेट, सायकियाट्रिस्टची चिठ्ठी, हार्मोनची अडीच वर्षांची फाइल. सर्टिफिकेटचा ऑनलाइन फॉर्म गरिमा गृहातल्या, म्हणजे ट्रान्सजेंडर लोकांच्या निवारागृहातल्या, एका मैत्रिणीने भरून दिला म्हणाली. (ते ट्रान्सजेंडर पोर्टल आणि आपल्या बडोद्यातलं गरिमा गृह, दोन्हींचं उद्घाटन 25 नोव्हेंबर 2020 ला एकदमच झालं होतं, इथल्याच बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं.)

हार्मोनची फाइल सर, म्हणजे आमचे प्लास्टिक सर्जन, आधी बघतात. वर्ष व्हायच्या आत ते इम्प्लांटचा विषयच काढत नाहीत, कारण हार्मोनने छाती दोन-तीन वर्षं वाढत राहू शकते आणि जेवढी वाढेल तेवढी वरची कातडी नि चरबी इम्प्लांट झाकायला कामी येते.

ताईचं ठरलेलं होतं. टिअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा, टेक्स्चर्ड म्हणजे खरखरीत कव्हरचा, 400 सीसी. दुसऱ्या एका शहरातून फोनवरच कोणीतरी पॅकेज सांगितलेलं, "एकदम नॅचरल", आणि महिनाअखेरपर्यंत बुक केलं तर डिस्काउंट. छाती न बघता फोनवर साइज सांगणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते इथं लिहिता येत नाही.

पहिलं काम मी केलं. ओटीत ब्रेस्ट रिडक्शनच्या वेळी काढलेला भाग तोलायला एक छोटा काटा असतो तो आणला आणि मोजा त्यावर ठेवला. 330 ग्रॅमच्या आसपास. जेल भरलेला 400 सीसीचा इम्प्लांट जवळजवळ 400 ग्रॅम भरतो. म्हणजे आठ दिवस तिने जे वागवलं ते प्रत्यक्षात सव्वातीनशेचं ओझं होतं. ताई काट्याकडे बघतच राहिली, आत्या म्हणाल्या, "तरी तुला सांगत होते, तांदूळ हलका भरतो, साबुदाणा घे."

मग सरांनी कॅलिपर घेऊन मापं घेतली, मी लिहीत होते. ट्रान्स वूमनच्या छातीचा पिंजरा रुंद असतो, निप्पल एकमेकांपासून लांब, आणि निप्पलपासून खालच्या घडीपर्यंतची कातडी आखूड. त्यामुळे पहिल्यांदा बघायची ती रुंदी, सीसी नंतर. समजा 325 सीसी धरले, तर तेवढ्याच सीसीत हाय प्रोफाइल, म्हणजे जास्त उंच, घेतलं तर पुढे जास्त येतं पण रुंदीला सेंटीमीटरभर कमी पडतं, मग रुंद छातीवर एकमेकांपासून लांब असे दोन उंचवटे दिसतात. तिला साडेबारा सेंटीमीटरच्या आसपासचा, मध्यम प्रोफाइलचा बसत होता. 400 घातला तर खालची आखूड कातडी ताणून ताणून घडी खाली सरकणार आणि इम्प्लांट हळूहळू उतरणार.

टिअरड्रॉपचं सरांनी दोन मिनिटांत निकालात काढलं. आकाराचा इम्प्लांट आत फिरला तर छाती वाकडी दिसते, म्हणून तो जागेवर धरून ठेवायला खरखरीत कव्हर लागतं, गोल गुळगुळीत फिरला तरी फरक पडत नाही. आणि त्या खरखरीत कव्हरशी जोडलेला एक लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे, बीआयए-एएलसीएल. तो ब्रेस्टचा कॅन्सर नव्हे, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं तिथं होतो, फार कमी जणांना होतो, सहसा बऱ्याच वर्षांनी अचानक एका बाजूला पाणी भरून सूज येते, पण ज्यांचा पूर्ण रेकॉर्ड आहे अशा केसेस जवळपास सगळ्या टेक्स्चर्डशी जोडलेल्या. ट्रान्स वूमनमध्येही झाल्यात. जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल टेक्स्चरचा माल जगभरातून परत मागवला तो याचमुळे, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, सांगितल्यावर. ताईने हे वाचलेलं होतं. तिने विचारलं, मग ज्यांच्या अंगात आधीच बसवलेत त्यांचं काय? सर म्हणाले, त्रास नसेल तर काढायची घाई करू नका असंच एफडीएने सांगितलं, लक्ष मात्र ठेवायचं. "पण तुझे तर अजून बसवायचेत ना, मग कशाला घ्यायचे?" तिथे तो विषय संपला.

इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर ठेवायचा की खाली, इथं खरी गंमत. सर वरच्या भागाची कातडी चिमटीत धरून जाडी मोजतात, दोन सेंटीमीटरच्या खाली आली तर स्नायूखाली, नाहीतर कडा दिसते. ताईची दोनला जरा वर, म्हणजे इकडेही नाही तिकडेही नाही. सरांनी एकदम विचारलं, पोळ्या किती लाटतेस? आणि मग ट्रेमधली सलाईनची बाटली तिच्या हातात दिली, म्हणाले लाटून दाखव. ताई गाऊनमध्येच टेबलाशी उभी राहिली आणि बाटली लाटण्यासारखी पुढे-मागे, अगदी रोजच्या जोरात, मी शेजारी उभी. प्रत्येक रेट्याला छातीचा स्नायू दगडासारखा टम्म वर येत होता. सर म्हणाले, याच्या खाली घातलं तर प्रत्येक पोळीला इम्प्लांट वर नि बाहेर उडी मारणार, दोनशे वेळा, रोज. स्नायूच्या वर, त्याच्या पातळ पडद्याखाली ठेवू, पण मग वरची कडा थोडी हाताला लागेल आणि भोवतीचं आवरण आवळून छाती कडक होण्याची शक्यता स्नायूखालच्यापेक्षा जास्त, हे आत्ताच ऐकून ठेव. ताई म्हणाली, कडा चालेल, उड्या नकोत.

तोपर्यंत आत्या गप्प होत्या. सर गुजराती, ते त्यांना बा, म्हणजे आई म्हणतात. आत्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "अहो डॉक्टर, हे आत फुटलं तर कळणार कसं?"

हा प्रश्न पेशंट फारसे विचारत नाहीत, सगळे साइजवर अडकलेले असतात. सरांनी खुर्ची ओढली. इम्प्लांट दोन तऱ्हेचे, सलाईनचे नि जेलचे. सलाईनचा फुटला तर काही दिवसांत एक बाजू बसते, मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं, आरशात दिसतं. जेलचा फुटला तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, जेल घट्ट असतं, आवरणाच्या आतच राहतं. "मग पाण्याचाच घाला की," आत्या म्हणाल्या. मला वाटलं सर टाळतील, पण ते नीट बोलले, सलाईनच्या सुरकुत्या पातळ कातडीतून जास्त दिसतात, हाताला पाण्याच्या पिशवीसारखा लागतो, आणि हिचा तर स्नायूच्या वर ठेवायचाय, झाकायला काही नाही. जेल घ्यायचा तर मग तपासणी स्वीकारायची. पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी, आणि सोनोग्राफीवाल्याला आधी सांगायचं की इम्प्लांट आहेत. शिवाय ही जन्मभर टिकणारी वस्तू नाही, पुढेमागे काढावे किंवा बदलावे लागू शकतात, तोही खर्च धरून चाला.

आत्यांनी लगेच हिशेब मांडला, सोनोग्राफीचे किती, बदलायचे किती. ताई चिडली, आत्या पुरे. पण मी म्हणते पुरे कशाला? ऑपरेशनचे पैसे जमवून लोक येतात आणि पुढच्या वीस वर्षांचं कोणी विचारतच नाही.

आत्यांनी पुढे विचारलं, कंपनी कुठली नि खरीच आहे हे कशावरून. मी रिकामा बॉक्स दाखवला, त्यात लॉट नंबर नि सिरीयल नंबरचे स्टिकर असतात, एक आमच्या फाइलला, एक पेशंटच्या कार्डावर. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने मेडिकलऐवजी इंडस्ट्रियल सिलिकॉन भरलं होतं, 2010 मध्ये ते उघड झालं, मालकाला पुढे शिक्षा झाली, तेव्हा आपल्या अंगात तोच माल आहे का हे बायकांना अशा नोंदींवरूनच कळणार होतं. "मिक्सर घेतला तरी कार्ड देतात," आत्या म्हणाल्या, "हे तर अंगात राहणार."

शेवटी सायझर, म्हणजे मापाचे नमुने, ब्रामध्ये घालून बघितले. 325 वर कुर्ता घातल्यावर ताई आरशासमोर बराच वेळ उभी राहिली, बाजूने, समोरून, हात वर करून. मग हळूच विचारलं, मधली गॅप? खोल गळ्याचा ब्लाउज शिवायचाय तिला, कापड आधीच आणून ठेवलंय. सर म्हणाले, गॅप राहणार. छातीचं मधलं हाड रुंद आहे, जबरदस्तीने आत ढकलले तर इम्प्लांट ठेवायला केलेले दोन्ही खिसे मध्ये एक होतात आणि ते दुरुस्त करणं महाकठीण. नंतर पोटाची चरबी घेऊन तिथं थोडी भरता येईल, पण फोटोतल्यासारखं होणार नाही. ताईचे डोळे भरले. मी पडदा ओढला, आत्या पडद्याच्या आत गेल्या, दोघींचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.

बाहेर आली तेव्हा ताई म्हणाली, गोल, गुळगुळीत, जेल, 325, लिहा. कन्सेंटचा प्रत्येक पॉइंट तिने स्वतः वाचून सही केली, रक्ताच्या गुठळीवाल्या पॉइंटला थांबून हार्मोनच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते एंडोक्रायनॉलॉजिस्टला फोन लावून विचारून घेतलं.

तारखेवरून मात्र भांडण झालं. सर म्हणाले सहा आठवडे लाटणं बंद, कुकर उचलणं बंद. ताई म्हणाली मग दिवाळीनंतर, फराळाच्या ऑर्डरी घेतल्यात. आत्या म्हणाल्या दिवाळी कशाला, मी लाटीन की पोळ्या. ताई म्हणाली, "तुझ्या पोळ्यांवर माझं एक गिऱ्हाईक टिकायचं नाही." मी तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार लिहून टाकला. जाताना मोजे राहिलेच टेबलावर, मी हाक मारली तर आत्या परत आल्या आणि तांदूळ पिशवीत ओतून घेतला, मोजे म्हणाल्या टाकून द्या.